खिडकीतली बरगडी

मी रागीट आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. मत्सरी आहे हे तिशी उलटल्यावर कळलं, आणि तेही एका डार्करूमवाल्या मामांमुळे.

वाशीच्या नव्या वसाहतीत तेव्हा सगळंच नवं होतं. इमारती नव्या, रस्ते नवे, रस्त्याकडेची झाडं कमरेएवढी. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात काही वर्षं एक्स-रे फिल्मा वाचून मी घराजवळच्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात लागले, ते साल त्र्याऐंशी असावं. नावाची पाटी लागली, पुढे पदविकेची अक्षरं. पहिल्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून दोनदा बाहेर आले आणि ती पाटी वाचली.

त्याच दिवशी दवाखान्याचे मालक, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, माझ्या खोलीत आले. मी एका छातीच्या फिल्मवर दहा मिनिटं विचार करून माझं मत सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि माझ्या डोक्यावरून डार्करूमच्या दिशेने ओरडले, "मामा काय म्हणतात?"

मामा म्हणजे फिल्म धुणारा माणूस. पन्नाशीचे, तुर्भे गावातले, सातवी पास. वडील मिठागरावर राबलेले. स्वतः मामांनी मुंबईत क्षयाच्या इस्पितळात वीस वर्षं डार्करूममध्ये काढली होती आणि खाडीवर पूल झाल्यावर ते गावाकडे परतले होते. औषधाच्या पाण्याने नखं तपकिरी झालेली, खिशात तंबाखूची डबी. फिल्म टाकीतून निघाली की ती माझ्याकडे येण्याआधीच मामा ती ट्यूबलाइटसमोर धरायचे. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. दोन क्षण बघायचे आणि म्हणायचे, "पीठ हाय," किंवा "चुना हाय."

यात सगळं आलं. फुफ्फुस हवेने भरलेलं, म्हणून फिल्मवर काळं दिसतं. त्या काळ्यात पांढरा डाग दिसला की प्रश्न एकच असतो, हा आजार चालू आहे की मेलेला आहे? चालू असेल तर डाग मऊ दिसतो, कडा विरलेल्या, हाताला पीठ लागून काळ्या कापडावर उमटावं तसा. शरीराने आजाराला कोंडून मारलं असेल तर वर्षांनुवर्षं त्या जागी कॅल्शियम साचत जातं, डाग घट्ट होतो, कडा कोरल्यासारख्या होतात आणि तो शेजारच्या बरगडीपेक्षाही पांढरा दिसतो. तो मामांचा चुना. पुस्तकात यावर एक आख्खं प्रकरण होतं आणि मी ते तोंडपाठ केलं होतं. मामांनी ते पुस्तक पाहिलंही नव्हतं.

एकदा एक फिल्म बाहेर आली. माणूस अजून कपडे घालत होता, मामांनी त्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं, एक्स-रे दुसऱ्याने काढला होता. मामा म्हणाले, "ह्यो दगडाच्या खानीतला." फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठींभोवती चुन्याची बारीक किनार होती, अंड्याच्या टरफलासारखी. दगडाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की अशी किनार धरते. त्याचं चित्र माझ्या पुस्तकात होतं. पण समोरच्या फिल्ममध्ये मला ती दिसली नव्हती, मामांनी बोट ठेवल्यावर दिसली. माणूस खाणीतलाच निघाला. मोठ्या डॉक्टरांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या दिवसापासून मी मामांना पाण्यात पाहू लागले. ते बरोबर निघाले की मला वाईट वाटायचं, आणि ते बहुतेक वेळा बरोबरच निघायचे. एखाद्या वेळी चुकले की घरी येऊन मी शिरा करायचे. आमचे हे बँकेत नोकरीला. मी भांडी आपटायला लागले की पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "आज मामा जिंकले वाटतं?" सासूबाई शहाण्या होत्या. त्यांनी माझ्यासमोर त्या माणसाचं नाव काढणंच बंद केलं.

शेवटी मी फर्मान काढलं की ओली फिल्म कोणी वाचायची नाही, सुकली की आधी माझ्या टेबलावर आली पाहिजे. मामा म्हणाले, "बरं मॅडम." त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

ही गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यातली. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक मराठवाड्याकडचं कुटुंब राहत होतं. नवरा पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचा. बायको पंचविशीची, लग्नानंतर दहावी झालेली. कॉलनीत नवी बालवाडी निघाली होती, तिथे ती चार महिने नुसतीच मदतीला जात होती, आणि पोरांनी तिला इतकं धरलं की बालवाडीवाल्यांनी तिला कायमची बाई म्हणून घ्यायचं ठरवलं. एकच कागद हवा होता, छाती साफ असल्याचं डॉक्टरचं पत्र. पुढच्या शनिवारपर्यंत द्या, नाहीतर यादीतली दुसरी बाई तयार आहे, असं तिला सांगितलं होतं. ती आमच्याच दवाखान्यात आली. बाकावर ताठ बसली होती, केस चापूनचोपून बांधलेले.

मी जिना चढून वर येत होते. डार्करूमच्या दारात मोठे डॉक्टर उभे, मामांच्या हातात ओली फिल्म. माझं फर्मान मोठ्या डॉक्टरांना थोडंच लागू होतं! त्यांनीच मागितली असणार. मामा म्हणाले, "वरच्या अंगाला ठिपका हाय सायेब. पन चुना हाय, लई जुना." मोठे डॉक्टर म्हणाले, "मग झालं." मला बघून म्हणाले, "मॅडम, जुना डाग म्हणून लिहून टाका."

लिहून टाका! जणू मी कारकून आणि मामा साहेब.

मी फिल्म घेतली आणि दिव्याच्या पेटीवर लावली. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला ठिपका होता, तुरीच्या दाण्याएवढा. अर्धा हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाआड गेलेला, त्यात पहिली बरगडीही त्याच जागी आडवी आलेली. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर पांढरं. पण खालची कड बाहेर डोकावत होती आणि ती कोरल्यासारखी स्वच्छ होती. मला कळलं की हा चुनाच आहे. मामा बोलले नसते तर मी दोन ओळी लिहून त्या बाईला दहा मिनिटांत मोकळी केली असती. पण ते आधी बोलले होते, आणि त्यांच्या बोलण्याखाली सही करायला माझा हात तयार होईना.

मी लिहिलं की ठिपका हाडाआड असल्याने चालू क्षयाची शक्यता नाकारता येत नाही. पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर यात एक अक्षर चूक नव्हतं. मामा दारातून हळूच म्हणाले, "मॅडम, जरा पाठ मागं वाकवून दुसरा फोटो घेतला तर हासळी वर जाईल. ठिपका मोकळा दिसंल." हेही पुस्तकात होतं. मी म्हटलं, "गरज नाही. जुनी फिल्म असेल तर आणायला सांगा, तुलना करू." जुनी फिल्म ही या कामातली सगळ्यात मोठी साक्ष. आधीही तेवढाच ठिपका असेल आणि मधल्या काळात तसूभर वाढला नसेल, तर प्रश्नच मिटतो. म्हणजे मी वाट अगदी बंद केली नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी ती आली, रिकाम्या हाताने. जुना फोटो होता म्हणाली. लहानपणी खूप ताप यायचा, वर्षभर सुया घेतल्या आणि बरी झाली. मग लग्नाआधी, आठ वर्षांपूर्वी, गावाकडच्या सरकारी दवाखान्यात खात्रीसाठी काढलेला. तो फोटो तिने सासरीही जपून आणला होता.

"मग कुठे आहे?"

तिने मान खाली घातली. "ग्रहनात कापला मॅडम. दिरानं."

ऐंशी सालच्या त्या मोठ्या ग्रहणाची आठवण आमच्या कॉलनीत ताजी होती. उघड्या डोळ्यांनी सूर्य बघू नका, आंधळे व्हाल, असं सगळीकडे सांगत होते. एक्स-रेमधून बघणंही तितकंच धोक्याचं, पण ते कोण ऐकतो! हिच्या दिराने घरातली फिल्म काढली, कात्रीने आठ तुकडे केले आणि गच्चीवर वाटले. छातीच्या फिल्मला विशेष मागणी होती, कारण फुफ्फुसं काळीभोर असतात. मधला हृदयाचा आणि मणक्याचा पांढरट भाग कोणालाच नको होता. थोडक्यात, अख्ख्या बिल्डिंगने हिच्या छातीतून सूर्य बघितला होता. मी तेवढी नव्हते, त्या दिवशी मी मुंबईत ड्यूटीवर होते.

मी म्हटलं, "मग माझा इलाज नाही." हे म्हणताना मला आतून बरं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. मामांचं बरोबर होतं हे आता कधीच सिद्ध होणार नव्हतं.

मामांनी मात्र मंगळवारी ड्यूटी संपवून आमची बिल्डिंग गाठली. पिशवी घेऊन दारोदार फिरले म्हणे, "ग्रहनाचा तुकडा हाय का?" करत. बुधवारी सकाळी मी आले तर दिव्याच्या पेटीवर पाच तुकडे चिकटपट्टीने जोडून लावलेले. एक कोणाच्या पोथीत खुणेला होता, एक कंपासपेटीत, एक डगमगत्या टेबलाच्या पायाखाली. एकाला भोकं पाडून रांगोळीचा छाप केलेला, डाव्या फुफ्फुसात चक्क कमळ उमललं होतं. खालच्या दोन तुकड्यांचा पत्ता लागला नव्हता, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं. वर उजव्या फुफ्फुसाच्या जागी एक चौकोनी भोक होतं, आणि त्यातून पेटीचा उजेड सरळ डोळ्यांत येत होता.

"एवढा वरचा तुकडा गावला की झालं," मामा म्हणाले. त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मागवलेली तिच्या थुंकीची तपासणी आली, तिन्ही वेळा स्वच्छ. मोठे डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, अजून तुमचं तेच मत?" मी म्हटलं, "फिल्मवर जे दिसतं ते मी लिहिलंय." आता माघार घेणं म्हणजे मामांच्या पाया पडण्यासारखंच होतं.

गुरुवारी सकाळी मी चहा टाकत होते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, पारसिकच्या डोंगराकडे. तिची खालची एक काच कधीतरी फुटली होती आणि यांनी तिथे काळ्या टेपने फिल्मचा एक तुकडा लावून टाकला होता. मला इतकी वर्षं वाटत होतं की तो माझ्याच कामावरून आलेला टाकाऊ तुकडा असणार. घरात आल्यावर कोण फिल्मा बघतो? ऊन वर आलं आणि तुकडा उजळला. मी पातेल्यात साखर घालता घालता थांबले. तीन बरगड्या होत्या, पण उलट्या वळणाच्या. मी मान तिरपी केली. तुकडा उलटा लावला होता. हासळीचं हाड खाली आलं होतं, आणि त्याच्यापासून चांगला बोटभर दूर, मोकळ्या काळ्यात, एक ठिपका होता.

चहा उतू गेला. मी शिवणाच्या डब्यातला दोरा आणून ठिपका मोजला. तुरीचा दाणा. कडा कोरलेल्या, बरगडीपेक्षा पांढरा. म्हणजे आठ वर्षांपूर्वीच आजार मरून चुना धरला होता, आणि तेव्हापासून तो जागचा हललाही नव्हता. दिवसभर फिल्मा वाचून पोट भरणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर हा ठिपका रोज सकाळी चार वर्षं उजेडाला लागलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

कोणीही माणूस तो तुकडा उपटून धावत सुटला असता. मी चहा गाळला. मी तुकडा नेला असता तर मोठे डॉक्टर म्हणाले असते, बघा, मामा पहिल्यापासून सांगत होते. ते शब्द मला आधीच ऐकू येत होते. मी डबा भरला आणि तुकडा तसाच ठेवून कामावर गेले.

दुपारी मामा तंबाखू मळत माझ्या दाराशी आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं तर नाय ना कुठं तो तुकडा?"

"माझ्याकडे कसा असेल?" मी जरा जोरातच म्हटलं.

"नाय, विचारलं आपलं," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. ती होती. तोंडावर पदर धरून उंबऱ्याच्या बाहेर उभी. मी आत बोलावलं तर मान हलवली. "नको मॅडम, हितूनच विचारते." रिपोर्टमधली ओळ बिल्डिंगभर झाली होती. कोणी चहा दिला तर वेगळ्या कपात द्यायला लागले होते. बालवाडीतली पोरं रस्त्यात हाका मारत होती आणि त्यांच्या आया त्यांना मागे ओढत होत्या. "नोकरीचं जाऊ द्या," ती म्हणाली, "परवा शनिवार, ते कळलं मला. पन माझ्या पोराला मी जवळ घेऊन निजू का नको, तेवढं सांगा. तीन दिस झालं, सासूजवळ झोपवते. लई रडतंय."

मी म्हटलं, "घे जवळ. काही होत नाही."

"लिहिलंय तर तसं."

ती दोन पावलं मागे सरून मग वळली, म्हणजे तिचा श्वास माझ्या अंगावर येऊ नये.

शुक्रवारी सकाळी मी सुरीने टेप सोडवून तुकडा काढला. दवाखान्यात जाऊन मामांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आमच्या खिडकीला लावला होता. आज सकाळीच दिसला."

"बरं झालं मॅडम," मामा म्हणाले, "वेळेत दिसला." त्यांनी तुकडा फिरवून न बघता एकदम सरळ केला आणि भोकात बसवला. कात्रीच्या कडा कडांना जुळल्या. शेजारी मी नवी फिल्म लावली. लहान पोरालाही कळलं असतं. मी माझ्या हाताने नवा रिपोर्ट लिहिला: जुना, चुना धरलेला ठिपका, आठ वर्षांत बदल नाही, चालू आजाराची खूण नाही, मुलांमध्ये काम करायला हरकत नाही. शेवटची ओळ कोणी मागितली नव्हती. ती मी घातली.

मोठे डॉक्टर पेटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वा मॅडम! घरच्या खिडकीत सापडला? काय नजर आहे!" वर्षभर मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते हे वाक्य. मामाही मागे उभे राहून हसत मान डोलावत होते. मी ते वाक्य ठेवून घेतलं. "आज सकाळीच दिसला," हे मी दुसऱ्यांदा म्हटलं.

शनिवारी सकाळी ती पत्र घेऊन गेली. पोर कडेवर होतं.

दुपारी निघताना मामांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं दिलं. "खिडकी उघडी पडली असंल ना मॅडम. वारा येतो डोंगराकडनं. काच हाय, जपून न्या."

घरी यांनी जुनी टेप खरवडली आणि काच लावून बघितली. वर, खाली, बाजूला, कुठे कणभरही घासावं लागलं नाही. हे म्हणाले, "माप कधी दिलंस?"

"मी कुठे दिलं?"

तांदूळ निवडणाऱ्या सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "मंगळवारी ते स्वतःच घेऊन गेले. तुकडा मागत आले होते, मी पाणी दिलं, तर इथे खिडकीशी उभे राहिले. मी म्हटलं, काढून न्या की. तर म्हणाले, नको आजी, मॅडमच्याच नजरेला पडू दे, त्या आनतील. वीत लावून माप घेतलं. नाहीच आणला तर शनिवारी काच घेऊन येतो आणि तुकडा नेतो, म्हणाले."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुझ्यासमोर त्यांचं नाव काढायची सोय आहे का?"

माझा मत्सर त्या दिवशी संपला असं लिहिलं तर ते खोटं होईल. उलट तो वाढला. फिल्म वाचणं पुस्तकातून नाहीतर सवयीने मला कधीतरी जमलं असतं. हे जमणार नव्हतं, आणि ते मला तिथल्या तिथे समजलं.

काचेतून डोंगर स्वच्छ दिसत होता. मला गुरुवारची दुपार आठवली. तळहातावर तंबाखू मळत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडं तर नाय ना? आणि मी त्यांना सांगितलं होतं, माझ्याकडे कसा असेल?

मी चहाखालचा गॅस बंद केला आणि खाली बसले.